ओलेत्याचा नवस

कुळगावच्या दत्तमंदिरात आमच्या कुंदाताई तीर्थ पळीनं देत नसत, तांब्यानं देत. पुजारी विष्णुपंत कपाळावर हात मारून घेत. "अहो, तीर्थ आहे ते, उसाचा रस नव्हे!" ताई ऐकतील तर शपथ.

चौऱ्याण्णव साली आमच्या भजनी मंडळानं आसपासच्या वाड्यांवरची सिकल सेलची मुलं दर गुरुवारी देवळात आणायला सुरुवात केली होती. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि अंग असं ठणकतं की मूल लोळण घेतं. अंबरनाथहून डॉक्टर मीनल येत, गोळ्या देत आणि एकच घोकत, "पाणी भरपूर पाजा, गारठा लागू देऊ नका." घरी घोटभर पाण्याला तोंड वाकडं करणारी पोरं देवाचं म्हटलं की तांब्या रिकामा करत. आम्ही पेटी-टाळवाले नुसता गळा काढायचो, खरं काम ताईंचं.

त्यातली ठाकरवाडीची अंजनी म्हणजे चुणचुणीत पोर. त्या वर्षी तिला एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही. आजी रखमाबाई हरखली आणि दत्तजयंतीच्या सकाळी नातीला घेऊन थेट देवळाच्या विहिरीवर! पोहरा भरून तयार.

"अगं, काय करतेस?" ताई ओरडल्या.

"नवस फेडते. पोर ओलेत्यानं देवाला फेऱ्या घालंल. तूच बोललीस ना, पानी हिला बरं?"

"पोटात बरं, बाई! अंगावर गार ओतलंस तर संध्याकाळपर्यंत तडफडेल ती."

रखमाबाई घाबरली, पण नवस मोडला तर देव कोपेल, ही भीती त्याहून मोठी. विष्णुपंत म्हणाले, "लेकराच्या वतीनं घरचं मोठं माणूस नवस फेडू शकतं."

"मी फेडते," ताई म्हणाल्या. "तुझ्या वयाला हा गारठा झेपायचा नाही."

"घरचं मानूस बोललेत पुजारी. तू आमची कोन?"

एरवी कुणाला हार न जाणाऱ्या ताई दोन पावलं मागे सरल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

"आत्या हाय माजी," अंजनी म्हणाली आणि स्वेटरच्या बाह्या ओढत मोकळी झाली.

मग काय! मार्गशीर्षातला गारठा, बर्फासारखं विहिरीचं पाणी आणि आमच्या गोलमटोल ताई. पोहरा डोक्यावर पालथा झाला तशी त्यांनी अशी किंकाळी फोडली की विष्णुपंत मंत्र विसरले. त्या ओलेत्यानं पुढे, मागून अंजनी उड्या मारत. आम्ही भजन म्हणत होतो की हसत होतो, देव जाणे.

फेऱ्या संपल्या तेव्हा ताईंचे दात वाजत होते. तरी त्या तांब्या घेऊन पोरांकडे निघाल्या. रखमाबाईनं हातातला तांब्या हिसकावून घेतला, गाठोड्यातलं स्वतःचं कोरडं लुगडं त्यांच्या अंगावर टाकलं आणि खेकसली, "आधी हे नेस मुकाट्यानं. आपल्या घरात एक आजारी हाय, तेवढी पुरे."

ताई तिथंच पायरीवर बसून रडल्या.