नरपडची, तलासरीची आणि आमची मामी

डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात आमच्या मामीइतका भरदार पुरुषी आवाज एकाही पुरुषाला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी चिखल्याला यावं, अंगणात उभं राहावं आणि मामी आतून "कोण आहे?" म्हणेपर्यंत थांबावं. नवा पोस्टमन पहिल्या दिवशी दोन पावलं मागे सरकला होता आणि रजिस्टर पत्र त्यानं कुंपणावरूनच दिलं होतं. त्यात मामाचा आवाज म्हणजे अगदी नाजूक, सर्दी झालेल्या कोकिळेसारखा. त्यांची चिकूची वाडी आहे, त्यामुळे मोसमात वापीच्या व्यापाऱ्याचा फोन येतो आणि मामी उचलते. "शेठ, माल केटलो छे?" मामी सांगते, "मी शेठ नाही, घरची बाई बोलतेय." पलीकडून तो हसून म्हणतो, "मजाक नको ने शेठ, बाईने फोन आपो." मामी मुकाट्यानं फोन मामाच्या हातात देते. मामाचं पहिलं "हॅलो" ऐकताच व्यापाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो म्हणतो, "हां भाभी, बोला." गेली कित्येक वर्षं चिखल्याचा चिकू असाच गुजरातेत जातो आहे.

तलासरीच्या एका सरकारी कचेरीत मामी आवक-जावक विभागात होती. रोज एसटीनं जायची, एसटीनं यायची. दाखल्यांसाठी डोंगराकडच्या पाड्यांवरून आलेली माणसं बाहेर झाडाखाली बसलेली असत. त्यांची नावं पुकारायला कचेरीत माइक होता, पण मामी आल्यापासून तो कपाटातच राहिला. ती दारात उभी राहून नाव घ्यायची आणि हायवेवरून अहमदाबादकडे निघालेले दोन-तीन ट्रक तरी आपल्यालाच बोलावलं असं समजून ब्रेक मारायचे. झाडाखालची म्हातारी माणसं मात्र या आवाजावर खूश होती. त्यांना ऐकू जाईल असं बोलणारं माणूस त्या कचेरीत तेवढं एकच होतं.

असा आवाज असून मामीला कोणी कधी गाऊ दिलं नाही. शाळेत प्रार्थनेला बाईंनी सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." लग्नानंतर भजनी मंडळात गेली, तर तिच्या हातात पहिल्या दिवशीच टाळ दिले गेले आणि ते शेवटपर्यंत हातातच राहिले. आणि तिसरा नकार दिला तो मी. माझ्या लग्नात मामीनं स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. ती तेव्हा छत्तीस वर्षांची, माझ्याहून दहाच वर्षांनी मोठी. कागद हातात घेऊन, कडक इस्त्रीची साडी नेसून ती पुढच्या रांगेत बसली होती. माझी आई माझ्या मुंडावळ्या नीट करण्याच्या निमित्तानं आली आणि कानात म्हणाली, "लोक हसतील रे. तूच सांग तिला, तुझं ऐकेल." मी बोलावून सांगितलं, "मामी, शब्द तुझेच राहू देत, म्हणू दे दुसऱ्या कोणाला तरी." ती "बरं" म्हणाली आणि कागद एका बारीक आवाजाच्या मावसबहिणीच्या हातात देऊन आली. तासाभरात मी ते विसरलो. नवऱ्या मुलाला त्या दिवशी बरंच काही विसरता येतं.

पुढे मामी निवृत्त झाली. सेवापूर्तीच्या समारंभात कचेरीतल्या लोकांनी तिला शाल, श्रीफळ आणि ब्लूटूथचा स्पीकर दिला. शाल तिनं कपाटात ठेवली, नारळाची वडी केली आणि स्पीकरचं काय करायचं ते कळेना, म्हणून एका दुपारी फोन तोंडाशी धरून कचेरीतल्या इंग्रजीत फर्मान सोडलं, "लेडीज हेवी व्हॉइस, ओल्ड साँग, प्लीज." फोननं थोडा विचार केला आणि शंभर वर्षांपूर्वीची एक अमेरिकेतली काळी बाई लावून दिली. मामीनं मला तो प्रसंग निदान दहा वेळा सांगितला आहे. "आधी वाटलं, मागे कोणी पापड तळतंय. एवढी खरखर. आणि मग ती बाई गायला लागली. भाचेबुवा, माझ्यासारखी होती रे. अगदी माझ्यासारखी. आणि लोक टाळ्या वाजवत होते." त्या दिवशी मामीच्या घरी दुपारचा चहा झाला नाही. मामा सांगतो, चार वाजता तो वाडीतून आला तर ही जमिनीवर बसलेली, स्पीकर मांडीवर, आणि डोळे पुसायचंही भान नाही.

त्यानंतर मामीनं त्या बायकांचं अख्खं गोत शोधून काढलं. त्यांची इंग्रजी नावं तिच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून आपल्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात तसं तिनं प्रत्येकीला एकेक गाव दिलं. समुद्रकाठच्या वाऱ्यावर ओरडून बोलायची सवय असावी असा मोकळा गळा जिचा, ती नरपडची. अवजड, न थांबणारी, घाट चढणाऱ्या गाडीसारखी, ती तलासरीची. हळूच लाडीगोडी लावून शेवटी टोमणा मारणारी घोलवडची. आणि एक आहे, ती कधीच ठेक्यावर येत नाही, नेहमी थोडी मागून येते, ती वाणगावची. मी एकदा म्हटलं, "मामी, ही तर ताल चुकतेय." मामीनं माझी कीव केली. म्हणाली, "चुकत नाही रे. एसटी सुटलीय, कंडक्टरनं बेल मारलीय, आणि ही बाई पिशवी सावरत सावकाश येतेय. पण गाडी तिला घेतल्याशिवाय जात नाही. बघ पुन्हा ऐकून." मी पुन्हा ऐकलं. गाडी खरंच थांबली होती.

शास्त्राचीही तिला भीती नाही. जॅझ, ब्लूज आणि सोल यांत फरक काय, असं मी विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ब्लूज म्हणजे नवरा सोडून गेला. जॅझ म्हणजे गेला तर गेला. सोल म्हणजे आता परत आला तरी उंबरा ओलांडू देणार नाही." मामा तिथंच बसला होता, तो उठून वाडीत गेला. प्रत्येक गाण्याची नोंद ती जुन्या सवयीनं वहीत करते. "विषय: नवरा सोडून गेल्याबाबत. संदर्भ: यापूर्वीही गेला होता. शेरा: बाईचे म्हणणे रास्त वाटते." माझ्या मुलीनं तिला गाण्यांचे अर्थ सांगितले, तसा त्या बायकांचा इतिहासही सांगितला. ज्या मोठ्या हॉटेलांत त्या गायच्या, तिथं त्यांना पुढच्या दारानं आत घेत नसत, मागच्या स्वयंपाकघरातून जावं लागे, हे ऐकून मामी दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "तरी गायल्या."

गेल्या वर्षी माझ्या त्याच मुलीचं लग्न ठरलं आणि आठवड्याभरात मला पाकीट आलं. आत फुलस्केप कागद, समास सोडलेला. "विषय: मंगलाष्टक म्हणण्यास परवानगी मिळणेबाबत. संदर्भ: आपल्या स्वतःच्या विवाहप्रसंगी आपण दिलेला तोंडी नकार. महोदय, उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की…" मी आधी खो-खो हसलो. मग संदर्भाची ओळ पुन्हा वाचली आणि माझं हसू जिथल्या तिथे थांबलं. तिनं कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नव्हतं. मला वाटत होतं, मी विसरलो म्हणजे तीही विसरली असेल. कागदावर "मंजूर" लिहून, सही करून मी स्वतः चिखल्याला गेलो. तिनं तो घेतला, नीट वाचला आणि विचारलं, "तारीख कुठंय?" मी तारीख घातली.

व्याही पुण्याचे, शिस्तीचे. डहाणूच्या हॉलमध्ये चारशे माणसं होती आणि मी, मुलीचा बाप, तिच्या लग्नापेक्षा मामीच्या धास्तीनं घामाघूम झालो होतो. एक जरी माणूस हसला तरी ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, हे मला माहीत होतं. अंतरपाट धरला गेला. दोन मुलींनी बारीक आवाजात मंगलाष्टकं म्हटली, अक्षता पडल्या, आणि मामी उठली. माइक तिनं हातभर लांब धरला. पहिली ओळ आली आणि मागच्या रांगेतले लोक कोण पुरुष गातोय म्हणून माना उंचावून पाहू लागले. कोणीतरी फिसकन हसलंही. मला ते ऐकू आलं, मामीलाही आलं असणार. ती थांबली नाही. दुसरी ओळ तिनं खाली नेली, आणखी खाली, जिथं मंगलाष्टक आजवर कधी गेलं नसेल, आणि तिथंच ते मुरू दिलं. शब्द तेच, वधूवरांना आशीर्वादाचे, पण प्रत्येक शब्द जरा मागून येत होता, वाणगावचीसारखा. ज्याला घाई होती त्यालाही थांबावं लागत होतं. "शुभ मंगल" म्हणून तिनं "सावधान" असं काही रोखून धरलं की चारशे मुठी अक्षता घेऊन हवेत तशाच राहिल्या. एकानं चुकून आधीच टाकल्या आणि तो ओशाळून इकडेतिकडे पाहू लागला. गुरुजी सारखे घड्याळ बघत होते, त्यांनी घड्याळाचा हात खाली घेतला. शेवटी "सावधान" आलं, तेव्हा ते सगळ्या हॉलला पोटात जाणवलं. अक्षतांचा तसा पाऊस मी आयुष्यात पाहिला नाही. मघाचा हसणारा दोन्ही हातांनी उधळत होता. गुरुजी माझ्याकडे वाकून कुजबुजले, "आता माझं कोण ऐकणार?" आणि शेवटचं मंगलाष्टक त्यांनी धावतपळत उरकलं. व्याही मला विचारायला आले, "या कोण?" मी म्हटलं, "माझी मामी." एवढ्या अभिमानानं मी स्वतःची ओळखसुद्धा कधी करून दिलेली नाही.

जेवणं चालू असताना ती मला हॉलच्या मागच्या बाजूला सापडली. खुर्चीवर बसून मठ्ठा पीत होती, शेजारी मामा. मी म्हटलं, "मामी, काय आवाज लावलास गं."

"हा कसला आवाज?" ती म्हणाली. "आता दम पुरत नाही, वरचं सगळं फाटलंय. छत्तिशीत ऐकायला हवा होतास, भाचेबुवा. तेव्हा वाडीत एकटी असले की म्हणायचे. भरलेला होता अगदी. तो काही कोणी ऐकला नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. त्या अमेरिकेतल्या बायकांच्या निदान तबकड्या तरी राहिल्या, असं काहीतरी माझ्या मनात येत होतं, तेवढ्यात मामा त्याच्या त्या नाजूक आवाजात म्हणाला, "मी ऐकलाय."

मामीनं पेला खाली ठेवला. "तुम्ही कधी?"

"चिकू काढायला झाडावर असायचो. तू खाली गायला लागलीस की मी वरच बसून राहायचो. एकदा दोन तास बसलो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर थांबली असतीस."

मामीनं पदरानं तोंड पुसलं आणि मग बराच वेळ पुसतच राहिली. मी दोघांसाठी मठ्ठा आणायला म्हणून उठलो आणि लवकर परत गेलो नाही.