वांडाला दिलेला टेकू

क्लीव्हलँडमध्ये बरीच माणसं मेल्यावर बाकडी होतात. घरचे लोक बागेत बाकडं ठेवून त्यावर नावाची पाटी ठोकतात, झालं. वांडाचा नवरा काझिक असाच संग्रहालयापुढच्या तळ्याकाठी बाकडं झाला. ती रोज दुपारी थर्मास घेऊन त्याच्यावर बसायची आणि गल्लीतल्या बातम्या सांगायची. जिवंतपणी तो अर्ध्यातून उठून जायचा.

मग संग्रहालयाने बाग मूळ रूपात आणायचं मनावर घेतलं. मूळ रूप म्हणजे उद्घाटनाच्या दिवशीचा एक फोटो. फोटोत नसेल ते उचलायचं, असेल ते ठेवायचं. त्या दिवशी कुणी गवंडी आपली हातगाडी उलटी टाकून गेला होता. संग्रहालयाच्या समितीने तशीच गाडी घडवून, तशीच उलटी टाकून, भोवती साखळी लावली. बाकडी मात्र फोटोत नव्हती.

जाहीर सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटा. वांडाची निम्मी रडण्यात गेली.

"अहो, माझा नवरा आहे तो!"

"फोटोत तुमचे यजमान नाहीत हो," अध्यक्ष प्रेस्कॉटसाहेब कळवळून म्हणाले. "त्या जागी टोपीवाली एक जाडजूड बाई उभी आहे."

"मग मी राहते की उभी! जाडी आहेच, टोपी आणते."

लोक हसले. समितीने मात्र ठराव केला. बाकडं गोदामात गेलं आणि वांडा बागेचा ऐतिहासिक भाग झाली.

आता ती रोज दुपारी टोपी घालून उभी राही. शाळेच्या सहली येत, माळी तिच्या खांद्यावरची धूळ झटकून जाई. पायाशी बोल्टांची चार भोकं तेवढी उरली होती. भोकांशी काय बोलणार? तिला काझिकची फार आठवण यायची.

एका दुपारी गुडघ्याने दगा दिला आणि ती मटकन खाली बसली. प्रेस्कॉटसाहेब धावत आले.

"उठा बाई, फोटोत तुम्ही उभ्या आहात!"

"फोटोतलीचे गुडघे दुखत नव्हते!"

समिती तातडीने बसली. ऐतिहासिक भाग खचला तर त्याला टेकू द्यायचा, हा नियमच होता. गोदाम धुंडाळलं, तर तिच्या मापाचा टेकू एकच निघाला.

माळ्यांनी काझिकला आणून त्याच भोकांवर घट्ट आवळलं आणि शेजारी पाटी लावली: 'ऐतिहासिक टेकू. कृपया बसू नये.'

वांडा बसली. फळीवरून हात फिरवताना तिला हुंदका आला. मग तिने थर्मास उघडला.

"जन्मभर घरात एक बशी उचलली नाहीस," ती म्हणाली. "आता मला पेल. आणि ऐक, परवा शेजारच्या हेलनकडे काय झालं..."