त्रेचाळीस, एकसष्ट, ब्याऐंशी

भास, संकेत, टेलिपॅथी... यातलं मला काहीही पटत नाही, हे आधीच सांगतो. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं स्टोअरकीपर आहे. मोजलं तेवढंच लिहायचं, ही सवय. हेही तसंच लिहितोय—पदरचं काही न घालता.

माझी बायको सुलभा, वय सेहेचाळीस, माहेर पेठ वडगाव. दहावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. मागच्या वर्षी तिनं कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका छोट्या खासगी व्यवसाय-प्रशिक्षण कॉलेजात नाव घातलं. जिना चढून वर दोन हॉल : एकात शिवण, दुसऱ्यात विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग, म्हणजे जळकी तार काढून नवी भरणं. क्लार्कनं न विचारताच शिवणाचा फॉर्म पुढं केला.

"शिवण येतंय मला," ही म्हणाली. "मला मोटार भरायला शिकायची हाय."

बॅचमध्ये अकरा जण, बाई ही एकटीच.

जळालेली मोटार भरताना जुन्या तारेचे वेढे आधी मोजायचे, वहीत लिहायचे आणि मगच तार कापायची. नवी तार तितक्याच वेढ्यांची बसली, तर मोटार नीट चालते. पहिल्या प्रॅक्टिकलला सुलभाला वेळ पुरला नाही, नापास झाली. दुसरी संधी शेवटची होती. परीक्षक कबनूरहून आले, मोटारीही त्याच सकाळी स्वतःच्या गाडीतून घेऊन आले. मोबाईल दारातच जमा.

या खेपेला वेळ पुरवायचाच म्हणून हिनं छिन्नीनं सपासप तार कापली, ओढून काढली आणि सगळ्यांच्या भंगाराच्या पाटीत टाकली. मग वही उघडली... मोजायचंच राहिलं होतं!

पुढचं तिच्याच शब्दांत : "पाटीत हात घातला, तर सगळ्यांची तार एकात एक. तेवढ्यात मागनं तुमचा आवाज आला, घरात मोजता तस्सा. त्रेचाळीस... एकसष्ट... ब्याऐंशी. मी चिडलेच की! परीक्षेत पण मागं हुबं राहून मोजालाय व्हय, म्हणून वळले, तर कोण न्हाय."

लहान, मधलं, मोठं—एका संचात तीनच वेटोळी होती. तिनं तितकेच वेढे दिले. बटण दाबलं, मोटार घुमली. परीक्षकांनी खिशातून चिठ्ठी काढली. वेढे त्यांनी आधीच मोजून ठेवले होते. तिन्ही आकडे बरोबर.

"वैनी, वही कोरी. वेढे कुणी सांगितले?"

"आमच्या मालकांनी."

"कुठं हायत ते?"

"कागलला."

अख्खा हॉल हसला. "मोटार चालती, तुम्ही पास," परीक्षक म्हणाले. "पण पुढच्या खेपेला मालकांचा पण फॉर्म भरा!"

संध्याकाळी ती पेढ्याचा पुडा घेऊन दारातच हे सगळं हसत सांगत होती. मीही हसत होतो... आकडे ऐकेपर्यंत.

कारण त्याच दिवशी अकरा चाळीसला मी स्टोअरमध्ये ऑइल सीलच्या रबरी कड्या मोजत होतो. शेजारी फोर्कलिफ्टवाले दादू म्हणाले, "साहेब, काय मोठ्यानं बरळालाय? पेटीत दोनशे हायत की." रजिस्टरात बघितलं, तर माझ्याच अक्षरात : ४३, ६१, ८२. खोडलं, बाजूला सही केली. पित्त झालं असेल म्हणून लिंबू सरबत प्यायलो.

सुलभाच्या अंदाजानं आवाज आला तो साडेअकरा ते पावणेबाराच्या दरम्यान. एक आकडा जुळता, तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. तीन, तेही ओळीनं? मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही. दुसऱ्या दिवशी रजिस्टरच्या पानाचा फोटो तिला दाखवला. तिनं तो दोनदा मोठा करून बघितला आणि उरलेला पेढा माझ्या तोंडात घातला.

आता गल्लीतल्या जळक्या मोटारी आमच्या पडवीत येतात. त्या आकड्यांचं कारण मात्र मला अजून सापडलेलं नाही. दोन रविवार प्रयोगही केला : मी स्वयंपाकघरात आकडा मनात धरायचा, तिनं गच्चीवर ओळखायचा. वीस वेळा केलं, एकदाही जुळलं नाही. एकविसाव्याला ती वरूनच ओरडली,

"अवो, बास करा की! आता मी आधी मोजूनच घेते!"