तांडेलांचं विमान

बोट तोंडात घालून ओलं करायचं, हवेत उभं धरायचं आणि मगच बोलायचं, ही तांडेलांची सवय. मुरुडच्या जेटीवर तुम्ही असे दोन-चार म्हातारे पाहिले असतील. पण तेच ओलं बोट लॅपटॉपच्या जाळीपाशी धरणारा माणूस मी एकच पाहिला.

"वारा बंद हाय," पहिल्यांदा माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले तेव्हा ते म्हणाले. मी हसलो. खोलून बघतो तर पंखा खरोखरच अडकलेला, काथ्या आणि खारट मळानं. निदान तर तेच करून मोकळे झाले होते.

सगळं आयुष्य होडीवर काढलेल्या या माणसाला विमान उडवायचा गेम हवा होता तो बायकोसाठी. मुलगी मस्कतला, दिवस भरत आलेले. तिनं आईला तिकीट पाठवलेलं. होडीचा हंगाम टाकून तांडेलांना जाता येत नव्हतं आणि काकू विमानाला भयंकर घाबरायच्या. त्यांची भीती मोडावी म्हणून तांडेल त्यांना रोज शेजारी बसवून पडद्यावर मुंबई ते मस्कत करत. पंचाईत एकच. मस्कत दिसू लागलं की लॅपटॉप तापायचा आणि पडदा काळा.

"सात येला गेलाव, एकदा पन उतरलाव न्हाय," काकू मला म्हणाल्या. "मना न्हाय जायचा."

तांडेलांनी स्वतःच इलाज केला. मासळीच्या बर्फाच्या पेटीवर लॅपटॉप ठेवला. "मासली टिकते, मंग यो का न्हाय टिकनार?" आत पाणी धरलं. मी दोन दिवस तो सुकवत बसलो, आणि दुकानात बोंबलाचा वास पसरला तो वेगळाच.

मी पंखा साफ केला, आतली उष्णता ओढून घेणारी, आता वाळलेली पेस्ट बदलली. मग लॅपटॉपला दम लागू नये म्हणून गेममधले ढग कमी करायला घेतले, तर तांडेल खवळले. "ढग कुठं गेलं म्हनून ती इचारल. काय सांगू?" शेवटी ढग ठेवले आणि झाडं काढली. मस्कतला झाडं कमीच असतात, असं मी त्यांना पटवलं.

दुसऱ्या दिवशी तांडेलांनी काकूंना दुकानात आणलं. विमान वाकडं गेलं, धावपट्टी सोडून रेतीत घुसलं, पण पडदा उजळच राहिला. काकू बराच वेळ बघत होत्या. "रेतीत का व्हईना, उतरला," म्हणाल्या आणि बॅग भरायला घरी गेल्या. मी तर टाळ्या वाजवल्या.

जायच्या दिवशी भाचा त्यांना विमानतळावर घेऊन गेला. तांडेल मात्र सकाळीच लॅपटॉप घेऊन माझ्याकडे. "ती एकटी न्हाय जानार. मी बाजूनंच जानार."

काकूंचा फोन आला, विमानाचा दरवाजा लावला म्हणून. तांडेलांनी इकडे विमान सोडलं आणि पडदा पुन्हा काळा! लॅपटॉप तर थंड होता. दुकानातल्या टीव्हीला जोडून बघावा म्हटलं, पण योग्य वायर सापडेना. तासभर मी खोकी उपसत होतो.

"ती फुडं गेली रं," तांडेल हळूच म्हणाले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

वायर सापडली आणि टीव्हीवर चित्र आलं. म्हणजे बिघाड फक्त लॅपटॉपच्या पडद्याच्या केबलचा होता. मग तांडेलांनी जे उड्डाण केलं, ते विचारू नका! चहा नाही, तंबाखू नाही. मी टेबलफॅन लॅपटॉपवर रोखून बसलो.

दुपारी जावयाच्या फोनवरून काकू ओरडल्या, "उतरले! सुखरूप उतरले!"

तांडेलांचे डोळे भरून आले, पण हात कळांवरून काही सुटले नाहीत. टीव्हीवर अजून सगळा समुद्रच होता.

"तितंच बस गो," ते म्हणाले, "मी पन आयलूच."