पुण्याहून आलेली न उलगडणारी मेल

नवऱ्याच्या डोक्यात धातूची एक क्लिप आहे, हे मी जवळजवळ विसरले होते. आमच्या लग्नाआधी पुण्यात त्याच्या मेंदूतल्या एका फुगलेल्या रक्तवाहिनीला ती लावली होती. पुढे आम्ही ओमानला आलो, रुवीत भाड्याने राहू लागलो, मी एका कंपनीत मेल सर्व्हर सांभाळायचं काम धरलं आणि तो विषय घरात निघेनासा झाला.

एका सकाळी तो कामासाठी सूर या लांबच्या किनाऱ्यावरच्या गावी गेला होता, तिथून त्याच्या सहकाऱ्याचा फोन आला. "भाभी, घबराना मत. भाई को हॉस्पिटल लाए हैं." सूरपर्यंतचा रस्ता कसा संपला, मला आठवत नाही. तो शुद्धीवर होता, पण त्याच्या डाव्या हाताला माझा हात धरता येत नव्हता.

तिथल्या ओमानी डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "सीटी स्कॅनवरून नीट कळत नाहीये, एमआरआय करायला हवा. पण क्लिप कुठल्या धातूची आहे ते लेखी मिळाल्याशिवाय मी त्यांना आत नेणार नाही. काही जुन्या क्लिपा त्या मशीनमधलं चुंबक ओढून घेतं."

मी पुण्याच्या हॉस्पिटलला फोन लावला. रेकॉर्ड रूममधल्या गृहस्थांना फाइल सापडली. फोटो काढून पाठवा म्हटलं, तर म्हणाले, "परवानगी नाही हो मॅडम. त्या डॉक्टरांना आणि तुम्हाला रीतसर मेल करतो."

मेल आली, पण अटॅचमेंट नव्हती. नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, मध्ये जागा न सोडता, ओळींमागून ओळी. डॉक्टरबाईंच्या कॉम्प्युटरवरही तेच. पुन्हा पाठवायला सांगितलं, पुन्हा तेच.

"माझ्याकडून तर बरोबर जातंय," पुण्याहून उत्तर आलं. तिकडे घड्याळ इथल्यापेक्षा दीड तास पुढे असतं. त्यांची कार्यालय बंद करायची वेळ होत आली होती.

मेलमधून फाइल जाते तेव्हा तिची अशीच अक्षरं केलेली असतात आणि पोचल्यावर त्यांची पुन्हा फाइल होते. वाटेत कुठल्या तरी सर्व्हरने मेलला गोपनीयतेची लांबलचक सूचना चिकटवली होती आणि त्या भानगडीत 'पुढे फाइल आहे' हे सांगणारी ओळच मोडली होती. ऑफिसात असलं काही आलं की मी चहा घेत निवांत बघायचे. इथे माझी बोटं भलत्याच कळांवर पडत होती.

सुरुवातीला जे, व्ही, बी, ई, आर अशी अक्षरं दिसली आणि जरा धीर आला. पीडीएफ अशीच सुरू होते. सगळी अक्षरं कॉपी करून मी लॅपटॉपवर उलगडली. फाइल खराब असल्याचा संदेश आला. वरून खाली पुन्हा वाचत गेले. तीच सूचना मध्येच आणखी एकदा घुसलेली होती. ती काढली आणि वाकडा स्कॅन केलेला एक कागद उघडला. टायटॅनियम. खाली क्लिपचा नंबर.

डॉक्टरबाईंनी तो वरून खाली वाचला. "ही तुम्ही जुळवलेली फाइल आहे. एखादं अक्षर चुकलं असेल तर?"

मला संताप आला. पण तीच भीती मलाही होती.

"मग तुम्हीच त्यांच्याशी बोला," मी म्हणाले.

त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला. पुण्याच्या गृहस्थांनी वॉर्डातून एका सर्जनना बोलावून आणलं. त्यांनी मूळ कागदावरचा धातू आणि नंबर सावकाश वाचला. बाईंचं बोट माझ्या स्क्रीनवर सरकत गेलं. सगळं जुळलं.

"यल्ला, चला," त्या टेक्निशियनला म्हणाल्या.

दाराबाहेर नवऱ्याचं काढून ठेवलेलं घड्याळ मुठीत धरून मी बसले. आतून ठकठक सुरू झाली आणि मला वाटलं, धावत जाऊन मशीन बंद करावं. सर्जननी चुकीचा कागद वाचला असेल तर? दोन रुग्णांच्या फायली एकत्र झाल्या असतील तर? आवाज थांबला तरी उठायचं धाडस झालं नाही.

तो बाहेर आला, डोळे किलकिले करत म्हणाला, "केवढा आवाज गं. तू जेवलीस का?"

मेंदूत लहानशी गाठ होती, रक्ताची. औषधांवर भागलं. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला त्याला अजून वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मी दुसरीकडे बघत उभी राहते.