चहाला येते म्हणालेली निता

आमच्या इंझोरी गावची निता कारंजा शहरात भाड्याच्या खोलीत राहायची. दुपारी दीडला संगणकापुढे बसली की तिची जेनी व्हायची. इंग्लंडातल्या एका लहानशा लोकरीच्या दुकानासाठी ती या नावानं गिऱ्हाइकांना उत्तरं लिहायची. तिथल्या पोरीचा पगार मालकाला परवडत नव्हता, हे मी समजू शकतो. पण 'भारतात बसलेय हे सांगायचं नाही, याच गावची म्हणायचं' अशी त्याची अट होती. दुकान लहान म्हणून लबाडीही लहानच, असं त्याला वाटत असावं.

नवरा हेमसिंग पुण्याकडे कामाला, त्याचा फोन आला तर रविवारी. दुकानाच्या गावातल्या एका म्हातारीचे निरोप मात्र रोज यायचे. लोकर थोडी, बोलणं फार. गुडघे दुखतात, मुलगा फिरकत नाही. दिवसभरात निताशी तेवढंच कोणीतरी बोलायचं.

एकदा म्हातारीनं लिहिलं, 'गुरुवारी चारला चहाला ये.' आपल्याकडे बोलावणाऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. 'येते की' म्हणायचं. जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. निता सवयीनं लिहून बसली, 'येते.'

शुक्रवारी निरोप आला. 'केक केला होता. सात वाजेपर्यंत दाराशी बसले. तू बरी आहेस ना?'

नितानं घरमालकीण धनीबाईला सांगितलं.

"बिमार होती म्हून लिही," धनीबाई म्हणाली. "खरं सांगशीन तं नोकरी जाईन."

"बिमार म्हनलं तं ते म्हातारी पाहाले येईन, मावशी. दुकानात जाऊन मले धुंडन."

"मंग? तू कायले एवढं मनाले लावून घेतं?"

"ते दारात बसून होती न."

निता परत संगणकापुढे बसली आणि तिनं सगळं लिहून टाकलं. नाव, गाव, आणि 'येते' म्हणायची आपली रीत.

तासाभरानं उत्तर आलं. 'निता, आधी राग आला. तुझ्याकडे चहा किती वाजता होतो? मी माझा त्याच वेळी करीन.'

निता रडली. मग डोळे पुसून तिनं वेळ लिहायला घेतली, तोच दुकानाचं निरोपांचं पान बंद पडलं. पुन्हा उघडेना. मालक सगळे निरोप वाचत असे; त्यानंच ते बंद केलं होतं. म्हातारीचा पत्ता, फोन, सगळं त्या पानातच राहिलं. तिला आता उत्तर देईल ती दुसरीच कोणी जेनी. म्हातारीला वाटेल, निताला बोलायचंच नव्हतं.