ब्याण्णव गुणांची झोप

भर पावसाळ्यातला कर्किडकम महिना लागला की आमचं तेक्कुमंगलम गाव आजाऱ्यासारखं वागायला लागतं. वर्षभर जे खाल्लं, प्यायलं, भांडलं, ते सगळं या एका महिन्यात धुऊन काढायचं असतं. अंगाला तेल, पोटात औषधी पेज, दुपारी झोपायचं नाही, रागवायचं नाही. आमचे पद्मनाभ पणिक्कर तर या महिन्यात बायकोशी चिठ्ठी लिहून बोलतात, म्हणजे राग येत नाही. बाईंना येतो, पण त्यांची चिकित्सा चालू नसते.

पणिक्कर आमच्या देवळाच्या समितीचे अध्यक्ष आणि मी चिटणीस. भास्करन माझं नाव. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणून गाव मला मास्तर म्हणतं. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी मस्कतला गेली ती नातू पळायला लागला तरी परतलेली नाही. घरात मी एकटा, आणि कुंपणापलीकडे देवळाची हत्तीशाळा. तिथे माधवन हत्ती आणि त्याचा माहूत कुट्टप्पन.

कुट्टप्पन एकसष्टीचा. काटकुळे पाय, खांद्यावर पंचा, कानामागे विडी. डाव्या पायाचा अंगठा चपटा आहे, तो एकदा माधवनच्या पायाखाली गेला होता. कोणी विचारलं तर सांगतो, "चूक माझीच. पाय ठेवायला जागा बघायला नको?" सत्तावीस वर्षं तो या हत्तीबरोबर आहे. हत्तीलाही या महिन्यात सुखचिकित्सा असते. नाचणी, भात, मूग, हळद आणि च्यवनप्राश एकत्र मळून नारळाएवढे गोळे करायचे, पहाटे अंग नारळाच्या सोडणाने घासायचं आणि मग ते गोळे एकेक करून तोंडात द्यायचे. हे सगळं कुट्टप्पन भर पावसात करायचा. मी एकदा विचारलं, "अरे, तू कधी घेणार चिकित्सा?"

"त्याला भरवून झालं की बोटं चाटतो ना मास्तर. आपल्या देहाला तेवढी पुरते."

दाक्षायणी, त्याची बायको, ओढ्यापलीकडच्या घरात राहायची. हा मात्र रात्री हत्तीशाळेतच, माधवनच्या सोंडेपासून दोन हातांवर गोणपाट टाकून पडायचा. पाठ टेकली की घोरायला सुरुवात. ते घोरणं कसं, तर भाताच्या गिरणीत कोणीतरी चुकून खडे टाकावेत तसं. मला स्वतःला झोप कमी. दहा वर्षं मी छताचे वासे मोजत पडतो आणि कुंपणापलीकडून हा सुखाचा आवाज येतो. जळफळाट व्हायचा, खोटं कशाला सांगू?

त्या वर्षी पणिक्करांचा भाचा प्रजीश दुबईहून परत आला आणि त्याने नदीकाठी विश्रांतीगृह काढलं. बंगळुरूची माणसं तिथे येऊन, जी पेज आमच्या आज्या आमच्या नाकाला चिमटा काढून पाजायच्या, तीच मातीच्या वाडग्यात पितात आणि तिचे फोटो काढतात. प्रजीश प्रत्येकाच्या मनगटावर एक घड्याळ बांधतो. रात्रभर ते तुमची झोप तपासतं आणि सकाळी शंभरपैकी गुण देतं. मामाला त्याने एक फुकट दिलं आणि मला मामाने घ्यायला लावलं. महिन्याभरात गावात "जेवलात का?" हा प्रश्न बंद झाला. चहाच्या टपरीवर माणूस माणसाला विचारायचा, "आज किती?"

माझे बावन्नच्या वर कधी गेले नाहीत. पणिक्करांचे अडतीस, पण ते साठ सांगायचे.

मग प्रजीशच्या डोक्यात आलं की देवळाच्या हत्तीचीही झोप मोजावी, विश्रांतीगृहाची जाहिरात होईल. आपले तीन कमरपट्टे एकमेकांना जोडून त्याने घड्याळ माधवनच्या पुढच्या पायाला बांधलं. सकाळी गुण आले एक्केचाळीस. समितीची तातडीची बैठक बसली. देवळाचा हत्ती एक्केचाळीस गुणांनी काठावर पास झाला, ही गावाच्या अब्रूची गोष्ट होती.

"आवाजाचा त्रास आहे," प्रजीश म्हणाला. "रात्री तिथे काही आवाज असतो का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण हत्तीशाळेचा शेजारी मी. आणि मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, गिरणीचा आवाज तोंडाने काढूनही दाखवला. समिती पोट धरून हसली, आणि त्या हसण्यातच ठराव झाला. कुट्टप्पनने चौदा दिवस घरी राहायचं, हत्तीशाळेकडे फिरकायचं नाही. रात्री हत्तीजवळ कोणीही झोपायचं नाही. सकाळ-संध्याकाळ बदली माहूत येईल. तेवढ्यात गुण वाढले, तर ओणमनंतर नवा माहूत कायमचा नेमायचा. ठराव माझ्याच अक्षरात आहे.

कुट्टप्पनला मीच सांगायला गेलो. तो सोडण धूत होता.

"तुझीही सुखचिकित्सा समज," मी म्हटलं. प्रजीशने दिलेलं पेजेचं पाकीट त्याच्या हातात ठेवलं.

त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "मास्तर, तो नवीन आला तेव्हा आठ रात्री उभा होता. नवव्या रात्री दमून माझा डोळा लागला, तेव्हा कुठे तो आडवा झाला. शेजारी कोणी निर्धास्त घोरतंय म्हणजे धोका नाही, असं त्याचं गणित आहे."

"चौदाच दिवस रे."

"तुम्ही शिकलेली माणसं," एवढंच म्हणून तो माधवनकडे गेला, सोंडेवर हात ठेवून काहीतरी बोलला आणि छत्री उघडून ओढ्याकडे चालायला लागला. माधवनने मान वळवून फाटकापर्यंत त्याला पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गुण आले सदुसष्ट. मग एकोणऐंशी. मग पंच्याऐंशी. प्रजीश गावभर मिरवत होता. बदली माहूत म्हणाला, "इतका स्वच्छ हत्ती मी जन्मात पाहिला नाही. सकाळी घासावंच लागत नाही." मी देवळाच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: शास्त्रोक्त झोपेमुळे माधवनच्या अंगावर तेज आले आहे. आणि सहाव्या दिवशी गुण आले ब्याण्णव. पणिक्कर आनंदाच्या भरात बायकोशी तोंडाने दोन शब्द बोलले.

त्या पाच रात्री मी झोपलो का? नाही. कुंपणापलीकडे शुकशुकाट होता, साखळीसुद्धा वाजत नव्हती, आणि मी टक्क जागा होतो. माझे गुण एकोणतीसवर आले. पण हे मी कोणाला सांगणार? तक्रार माझीच होती.

सहाव्या दिवशी दुपारी बैठक होती. नवा माहूत नेमायचा ठराव लिहायला म्हणून मी घरी वही घेऊन बसलो होतो, तेवढ्यात दाक्षायणी दारात आली. छत्रीतून पाणी गळत होतं.

"बसत नाही मास्तर. एक विचारायला आले. यांनी पाठवलंय, म्हणाले, नुसतं बघून ये, चिखल कुठल्या अंगाला आहे ते. मी फाटकातून बघितलं. दोन्ही अंगं बघितली. मला कुठेच दिसला नाही. तुम्ही शेजारी राहता, तुम्हाला माहीत असेल. डावीकडे असतो की उजवीकडे?"

"कसला चिखल?"

तिने माझ्याकडे, ढ पोराकडे बघावं तसं बघितलं. "हत्ती झोपला की अंगाखालची बाजू चिखलाने भरणार नाही का? मातीतच झोपतो ना तो? रोज पहाटे हे तेच तर घासत बसायचे."

मी वही मिटली. स्वच्छ हत्ती. अंगावरचं तेज. फळ्यावरचं माझं सुवाच्य अक्षर. सहा दिवस जनावर उभं होतं आणि मी त्याची जाहिरात लिहीत होतो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आणि कुट्टप्पन?" मी विचारलं.

"ते? ओसरीवर बसून असतात. म्हणतात, मी इथे झोपलो तर तो तिकडे एकटा जागा राहील. पेजेचं पाकीट आमच्या बकरीने खाल्लं. ती मात्र झोपते."

"जा, त्याला घेऊन ये. गोणपाट घेऊन यायला सांग."

बैठक मी हत्तीशाळेतच भरवली. पणिक्कर छत्रीखाली, कमरेचं पांढरंशुभ्र मुंडू दोन बोटांत उचलून उभे राहिले. माधवन फाटकाकडे तोंड करून उभा होता. एरवी सारखा डुलणारा प्राणी, पण आता सोंडसुद्धा हलत नव्हती. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून गालावर दोन काळे पट्टे उतरले होते.

"अहो मास्तर, ब्याण्णव गुण आहेत," पणिक्कर म्हणाले. "घड्याळ खोटं बोलतं का?"

"घड्याळ हालचाल मोजतं. हा वाट बघतोय, म्हणून हलत नाही. तुमच्या घरच्या पाट्याला बांधा, शंभर देईल. मी पस्तीस वर्षं गुण दिलेत पणिक्कर, पण कोऱ्या पेपरला ब्याण्णव कधी दिले नव्हते. ते या आठवड्यात दिले."

"मग तुम्हीच ती तक्रार—"

"मीच केली. मला झोप येत नव्हती आणि त्याला येत होती, हे मला बघवत नव्हतं. लिहून घ्या वहीत. नाहीतर मीच लिहितो."

प्रजीश घसा खाकरून काहीतरी शास्त्रीय बोलणार होता, पण फाटक वाजलं. कुट्टप्पन आला. मागे छत्री धरून दाक्षायणी. त्याने आम्हाला रामराम केला नाही, हत्तीलाही हाक मारली नाही. डोळे खोल गेले होते. नेहमीच्या जागी गोणपाट टाकलं, पंचा उशाला घेतला आणि आडवा झाला. कर्किडकम महिन्यात, भर दुपारी, समितीसमोर. सगळी पथ्यं एकदम मोडली.

आणि गिरणी सुरू झाली.

माधवनचे कान हलले. त्याने सोंड लांब करून कुट्टप्पनच्या छातीवर धरली, ती वर-खाली होतेय का ते पाहिलं. मग मागचे पाय वाकवले, पुढचे वाकवले, आणि एवढा थोरला देह उसासा टाकून कुशीवर झाला. साचलेल्या पाण्याचा चिखल उडाला तो पणिक्करांच्या मुंडूवर गुडघ्यापर्यंत.

थोड्या वेळाने झोपेतच माधवनचा पाय हलला, साखळी वाजली. प्रजीशने मोबाईल बघितला. "मामा, तेवीस गुण फक्त. फार हालचाल आहे. म्हणजे आवाज—"

"गप," पणिक्कर हलक्या आवाजात म्हणाले. "जागा होईल तो."

नव्या माहुताचा ठराव वहीत कोराच राहिला. त्या दिवशी मी घरी येऊन कॉटवर टेकलो तो दिवेलागणीलाच उठलो. माझे गुण किती आले, ते ठाऊक नाही, कारण घड्याळ फळीवर होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंपणाशी गेलो तर पावसात कुट्टप्पन माधवनचं डावं अंग घासत होता. बोलायला तोंड नव्हतं, पण काहीतरी बोलायला हवं होतं. सवयीने गावाचा प्रश्नच तोंडातून गेला.

"आज किती?"

त्याने सोडण खाली ठेवलं, दोन पावलं मागे सरला आणि मला दिसावं म्हणून बाजूला झाला.

"कानापर्यंत, मास्तर."